रेशीमवाले साहेबांचं शून्य

खानझोडे वहिनींना अख्खी पिपलानी, म्हणजे आमची भोपाळच्या कारखान्याची वसाहत, गरीब गाय समजते. मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलंय, म्हणून सांगते, ती गाय फक्त दिसायला आहे. बाजारातल्या एका भाजीवाल्याने फार पूर्वी त्यांच्या पिशवीत एक किडकं वांगं सरकवलं. दुसरी कुणी असती तर भांडली असती. वहिनी भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याच्या शेजारच्या ठेल्यावर भाजी घेऊ लागल्या. उभ्या मात्र पहिल्याच्या समोर राहायच्या. एकेक वांगं उचलायच्या, उलटंसुलटं करून त्याला दिसेल असं धरायच्या आणि शेजारच्याच्या तराजूत टाकायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी तो ठेला घेऊन बरखेड्याला निघून गेला. मी म्हटलं, "वहिनी, एका वांग्यापायी?"

"वांग्यापायी नाही गं शोभा," त्या म्हणाल्या. "माझं तोंड बघून त्याला वाटलं, हिला चालेल. त्यापायी."

राग धरणं त्यांच्या माहेरचंच. वडील सचिवालयात कारकून. नागपूरची राजधानी गेली आणि फायलींबरोबर माणसंही भोपाळला आली, त्यात हे कुटुंब टी. टी. नगरच्या सरकारी घरात येऊन पडलं. वडिलांनी मरेपर्यंत भोपाळला 'कॅम्प' म्हटलं. घर म्हणजे नागपूरच्या महाल भागातलं, बाकी सगळा मुक्काम. वैजयंती तेव्हा शाळेत जायला लागली होती. पुढे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या श्याम खानझोड्यांशी लग्न होऊन ती पिपलानीला आली आणि आमची खानझोडे वहिनी झाली. श्यामराव म्हणजे देवमाणूस. त्यांना राग येतो की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. घरातला सगळा राग वहिनींच्याच वाट्याला आला असावा.

त्या रागातला सिंहाचा वाटा एका माणसासाठी राखून ठेवलेला होता. मनोहर रेशीमवाले. इंदूरचे, श्यामरावांच्या खात्याचे साहेब, मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. माणूस हुशार, हे कबूल करायला माझी जीभ रेटत नाही, पण होता हुशार. गणेशोत्सवातल्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत प्रश्न तेच विचारायचे, उत्तर चूक की बरोबर तेच ठरवायचे आणि बक्षीसही तेच द्यायचे. गाण्याची बैठक असली की पहिल्या रांगेत मधली खुर्ची त्यांची. मी म्हणेन ती पूर्व, असा सगळा कारभार. हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. वहिनींची मुलगी सुचेता. प्रश्न पुरता विचारून होण्याआधी उत्तर देणारी पोर. मी कणीक मळताना ती ओट्याला टेकून मला राजधान्या विचारायची आणि माझं चुकलं की टाळ्या पिटायची. बाराव्या-तेराव्या वर्षी तिच्या ओठाच्या कोपऱ्याशी पांढरा डाग उठला. कोड. दवाखाने झाले, नागपूरचे वैद्य झाले, डाग काही गेला नाही. आपल्याकडे कोड म्हटलं की माणसं कशी बघतात ते काय मी सांगायला हवं? पण पोरीचं तोंड काही बंद झालं नव्हतं. उत्तरं आपली सुरूच.

ती दहावीत असताना टीव्हीवर आंतरशालेय प्रश्नमंजूषा होणार होती. शाळेने दोन मुलं पाठवायची होती. चाचणीत सुचेता पहिली आली, ती सुद्धा चांगली भरघोस गुणांनी. रेशीमवाले साहेब शाळेच्या समितीवर होते. त्यांनी वहिनींना मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मुलगी हुशार आहे, वादच नाही. पण टीव्ही म्हणजे चेहरा. तो ओठाजवळचा डाग. लोक तिचं उत्तर ऐकणार नाहीत, तेवढंच बघत बसतील. शाळेचा विचार करायला हवा." तिच्या जागी साहेबांचा भाचा रवींद्र गेला. त्याने टीव्हीवर काय दिवे लावले ते विचारूच नका. सुचेता त्या वेळी खोलीच्या बाहेर बाकावर बसली होती आणि दार उघडं होतं.

त्या दिवसानंतर पोरीने वर्गात हात वर करणं सोडलं. मी मुद्दाम विचारायची, "सुचेता, ब्राझीलची राजधानी?" तर म्हणायची, "माहीत नाही, काकू." माहीत नाही! बारावी झाल्यावर ती मावशीकडे नागपूरला शिकायला गेली, तिथेच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिथलीच झाली. रविवारी तिचा फोन यायचा तो बापाला. आईशी दोन वाक्यं. जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवते. मी मनात म्हणायची, मेल्याने एका वाक्यात मायलेकींचं बोलणं आटवलं.

वहिनींनी मला हे सगळं सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात एकदाही थांबला नाही. म्हणाल्या, "शोभा, टीव्हीपायी त्याने माझ्या पोरीला मागं सारलं ना? मी त्याला टीव्हीवरच मातीत घालीन. सगळ्यांसमोर." मी हसले. टीव्ही काय आपल्या परसात आहे, म्हटलं. वहिनी हसल्या नाहीत. पुढे त्याच मंडळात त्या त्याला वाकून नमस्कार करायच्या, हळदीकुंकवाला त्याच्या बायकोला अत्तर लावायच्या, आणि घरी येऊन हात साबणाने धुवायच्या. मला वाटलं, दिवस जातील तसा राग निवेल. पण त्यांचा राग लोणच्यासारखा होता. जितका जुना तितका मुरलेला.

चौदा-पंधरा वर्षं गेली. श्यामराव निवृत्त झाले, साहेबही झाले. घराघरात केबल आली आणि एका खासगी वाहिनीवर रविवारी सकाळी 'ज्ञान का दाँव' सुरू झालं. सगळी टाउनशिप पोहे-जिलेबी घेऊन त्याच्यापुढे बसायची. तिघं स्पर्धक. आधी साधे प्रश्न, बरोबर उत्तराला गुण. शेवटी एकच मोठा प्रश्न, त्याला 'दाँव' म्हणायचे. त्यात आधी नुसता विषय सांगायचे. मग ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याने आधी बोलायचं, माझ्या गुणांपैकी मी इतके लावतो. मग दुसऱ्याने, मग पहिल्याने. त्यानंतर प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर लावलेले गुण वाढायचे, चुकलं तर तितके जायचे. काहीच लावायचं नसलं तर शून्य म्हणायचीही मुभा होती.

वहिनी तो कार्यक्रम विचित्रच बघायच्या. प्रश्न चालू असताना त्या मेथी निवडायच्या आणि दाँव आला की मान वर करायच्या. मी म्हणायची, "अहो, उत्तरं तरी द्या."

"उत्तरं काय, पुस्तकात मिळतात," त्या म्हणायच्या. "तो चष्मेवाला बघ. त्याला काही येत नाही, पण शेजारच्याने जास्त लावले म्हणून हा चढवणार. बघ तू." आणि तो चढवायचाच.

एका उन्हाळ्यात वाहिनीने जाहीर केलं की मध्य प्रदेशाचे खास भाग भोपाळलाच चित्रित होणार. जो जिंकेल तो मुंबईला पुढच्या फेरीत. निवड चालू होऊन दोनच दिवस झाले असतील, रेशीमवाले साहेबांनी मंडळात पेढे वाटले. आपली निवड झाली, म्हणाले. मुंबईच्या फेरीसाठी नवा सफारीही शिवायला टाकला आहे. अजून इथली फेरी व्हायची होती, पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. वहिनींनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला. बाहेर आल्यावर तो कुत्र्याला घातला. मग मला म्हणाल्या, "उद्या टी. टी. नगरला यायचं. मिनीबसने जाऊ."

निवड एका हॉटेलात होती. लेखी परीक्षा झाली. वहिनी वाचनालयातली पुस्तकं वर्षभर घरी आणत होत्या ती कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. काठावर पास झाल्या. मग कॅमेऱ्यापुढे उभं करून नाव-गाव बोलायला लावलं. वाहिनीची एक तरुण मुलगी पडद्यावर बघून म्हणाली, "आंटी, आपका फेस तो एकदम टीवी वाला है। बहुत होमली।"

मला वाटलं वहिनी खूश होतील. बाहेर आल्यावर त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. "ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "माझा चेहरा चालतो." 

निवडलेल्यांतून तिघांतिघांचे गट पाडले जायचे. वहिनींनी त्या मुलीला दोनदा फोन केला आणि सांगितलं, बेटा, पिपलानीचे रेशीमवाले साहेब आणि मी एकाच टाउनशिपचे, एकाच मंडळाचे. आम्हाला समोरासमोर बसवलंत तर आमच्याकडची बसभर माणसं टाळ्या वाजवायला येतील. वाहिनीवाल्यांना आणखी काय हवं? बसवलं.

"अहो पण वहिनी," मी म्हटलं, "तो तुम्हाला उत्तरांत कुठल्या कुठे मागे टाकेल."

"टाकू दे की," वहिनी म्हणाल्या. "पाडव्याला तू त्याच्याबरोबर खेळली नाहीस का कधी?"

पाडव्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून तीन पत्ती चालते. पुण्याकडून बदलून आलेल्यांना प्रथम धक्काच बसतो, ब्राह्मणाच्या बायका पत्ते पिसताहेत म्हणून. पण आम्ही इथे इतकी वर्षं राहून इथले झालो, आणि इथे दिवाळी पत्त्यांशिवाय होत नाही. पैसे मात्र लावायचे नाहीत, तेवढा सोवळेपणा आम्ही सांभाळला. चिंचोके लावायचे. घरोघरच्या बायका वर्षभर चिंचोके साठवतात.

तर त्या खेळात साहेबांचं एक होतं. पुरुषाने चाल वाढवली तर ते पानं बघायचे, विचार करायचे, नसेल जमत तर पॅक म्हणून पानं टाकायचे. बाईने वाढवली तर पानं बघायचेच नाहीत. "वहिनी, तुमच्यापुढे मी पॅक होऊ?" असं हसून म्हणायचे आणि दुप्पट लावायचे. निम्म्या वेळा हरायचे. हरल्यावर म्हणायचे, बायकांचं नशीब असतं. पुढच्या डावात पुन्हा तेच. मी हे पाहिलं होतं आणि विसरलेही होते. वहिनी दर पाडव्याला त्यांच्या समोरच्या जागेसाठी लवकर येऊन बसायच्या, आणि मला वाटायचं यांना पत्त्यांचा नाद आहे.

चित्रीकरणाच्या दिवशी टाउनशिपहून खरंच बसभर माणसं गेली. मी दुसऱ्या रांगेत श्यामरावांशेजारी बसले होते. सुचेताला वहिनींनी कळवलं होतं, पण ती आली नाही, रजा नाही म्हणाली. वहिनी जांभळी नागपुरी साडी नेसल्या होत्या. साहेब नवा सफारी घालूनच आले होते. तिसऱ्या उज्जैनच्या कॉलेजातल्या कल्पना मॅडम, अगदी तोलूनमापून बोलणाऱ्या.

साध्या प्रश्नांत अपेक्षेप्रमाणेच झालं. साहेब धडाधड उत्तरं देत होते आणि दर उत्तरानंतर आमच्याकडे बघत होते. दाँवची वेळ आली तेव्हा साहेबांचे पाचशे गुण, कल्पना मॅडमचे तीनशे आणि वहिनींचे दोनशे चाळीस. श्यामराव माझ्या कानात म्हणाले, "आता संपलंच. हिने सगळे लावले आणि उत्तर बरोबर आलं तरी चारशे ऐंशीच होतात." त्यांचा हिशेब बरोबर होता.  इतकी वर्षं मुरवलेला राग आता असाच हात हलवत परत जाणार, असं वाटलं आणि मला साहेबांचा माझ्या स्वतःपुरताही राग आला.

सूत्रसंचालकाने विषय सांगितला, हिंदुस्तानी वाद्यं. साहेब खुर्चीत ऐसपैस मागे रेलले. गाणं म्हणजे त्यांचं घरचं.

"वैजयंती जी," सूत्रसंचालक म्हणाला, "आप सबसे पीछे हैं। कितना लगाएँगी?"

"पूरे," वहिनी म्हणाल्या. "दो सौ चालीस."

टाळ्या झाल्या. कल्पना मॅडमनी थोडा विचार केला आणि दहा म्हणाल्या. फक्त दहा. बाई शहाणी.

आता साहेबांची पाळी. आणि आता काय झालं होतं ते नीट समजून घ्या. वहिनी फार तर चारशे ऐंशीवर जाणार, मॅडम फार तर तीनशे दहावर. साहेबांनी 'शून्य' एवढा एक शब्द उच्चारला असता तर प्रश्न न ऐकताच ते जिंकलेले होते. मुंबई त्यांच्या खिशात होती. त्यांनाही ते कळलं होतं, कारण त्यांचे ओठ पुटपुटत होते, बेरीज करत होते.

तेव्हा वहिनींनी त्यांच्याकडे मान वळवली. पाडव्याला वळवतात तशी. हसून मराठीत म्हणाल्या, "काय साहेब, आज पॅक का?"

आमच्या बसमधली सगळी माणसं हसली. आम्हाला सगळ्यांना साहेबांचं ते पाडव्याचं वाक्य ठाऊक होतं. वाहिनीवाल्यांना कळलं नाही, पण हशा पिकला म्हणून कॅमेरा साहेबांच्या तोंडावर गेला. साहेबांनी सफारीचा खिसा नीट केला. आमच्याकडे बघितलं. मला त्यांची मान ताठ होताना दिसली आणि मी श्यामरावांचा दंड इतका घट्ट धरला की ते ओय म्हणाले.

"वहिनी, तुमच्यापुढे मी पॅक होऊ?" साहेब म्हणाले. मग सूत्रसंचालकाकडे वळून, "पूरे पाँच सौ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या साहेबांनी मान झुकवून घेतल्या. वहिनींनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं, ते मी त्यांच्या मुलीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

प्रश्न आला. सारंगी वाजवणारा कलाकार डाव्या हाताच्या बोटांच्या कोणत्या भागाने तार दाबतो? तिघांनी पाट्यांवर लिहायचं होतं. साहेबांनी झरझर लिहिलं, उँगलियों के पोर. बोटांची टोकं. उत्तर होतं, नखं. नखांचं मूळ तारेला बाजूने लावून वाजवतात म्हणे. मलाही ठाऊक नव्हतं, पण मी काही तीस वर्षं पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले नव्हते. साहेब बसले होते. गाणाऱ्याचं तोंड आणि त्याची शाल एवढंच बघत आले असणार. साथीला बसलेल्याच्या बोटांकडे कोण बघतो?

पडद्यावर साहेबांच्या नावापुढचे पाचशे गरागरा खाली आले आणि शून्यावर थांबले. साहेब उभे राहिले. प्रश्नच चुकीचा आहे म्हणाले. मग सारंगी अनेक प्रकारची असते म्हणाले. सूत्रसंचालकाने गोड बोलून खाली बसवलं. वाहिनीने ते सगळं नंतर दाखवलं, एक शब्द कापला नाही. देव त्यांचं भलं करो.

वहिनींची पाटी कोरी होती.

"आंटी, कुछ तो लिखतीं," सूत्रसंचालक म्हणाला. "सही होता तो आप जीत जातीं."

"मेरा काम तो पहले ही हो गया था, बेटा," वहिनी म्हणाल्या. त्यांचंही शून्य झालं होतं. कल्पना मॅडमना उत्तर आलं नव्हतं, तरी दोनशे नव्वद राखून त्या मुंबईला गेल्या. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं याला आपल्यात नावं ठेवतात. मला विचाराल तर त्या दिवशी ते नाक फार कामी आलं.

चहा मागच्या बाजूला ठेवला होता. साहेब एकटेच उभे होते, कुणी त्यांच्या जवळ जात नव्हतं. वहिनी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागेच होते.

"सुचेता आठवते का, साहेब?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण सुचेता? ती... ती डागवाली?"

"हो. मी तिची आई."

 मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडलेला मला दिसला. "म्हणजे हे सगळं त्यासाठी? अहो वहिनी, पण त्या वेळी तुम्हीच तर—"

"तुमचं शून्य झालंय, साहेब," वहिनी त्यांना तोडून म्हणाल्या. "शून्याला बोलायची पाळी येत नाही." आणि वळून चालू लागल्या. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बसमध्ये सगळ्या बायकांनी वहिनींच्या हाताला हात लावून घेतले.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी तो भाग दाखवला. खानझोड्यांच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनींनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या होत्या. साहेबांचं शून्य आलं तेव्हा मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. मंडळात आता त्यांना पाठीमागे 'पाचशे साहेब' म्हणतात. या गणपतीत प्रश्न विचारायला ते उभे राहिले नाहीत, तब्येतीचं कारण सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

माणसं पांगली तरी वहिनी फोनपासून हलल्या नाहीत. मी वड्यांची भांडी घासत होते, त्यांनी मला सुद्धा दोनदा हाक मारून विचारलं, फोन बरोबर ठेवलाय ना? इंदूरहून फोन आले, ग्वाल्हेरहून आले. त्या हो हो म्हणून घाईने ठेवायच्या. शेवटी नागपूरचा आला. श्यामरावांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांच्या फोनला स्पीकरचं बटण आहे, ते त्यांनी सवयीने दाबलं.

"बाबा, आईला द्या," सुचेता म्हणाली. असं ती कधी म्हणत नसे.

वहिनींनी पदराला हात पुसले. तेलाचे हात नव्हतेच, तरी पुसले. "बघितलंस?"

"बघितलं."

"सगळं? शेवटपर्यंत?"

"हो. शून्यापर्यंत."

"कसा बघत होता ना?" वहिनी हसल्या. त्यांचा आवाज एकदम कोवळा झाला होता. "इतकी वर्षं थांबले गं. तुझ्यासाठी."

वहिनींनी फोन आणखी जवळ ओढला. 

"आई," सुचेता म्हणाली, "त्या दिवशी मी बाकावर बसले होते. दार उघडं होतं. साहेब बोलले ते मी ऐकलं."

"माहीत आहे मला, बाळा."

"त्यानंतर तू बोललीस तेही ऐकलं." तिच्या आवाजात रडू नव्हतं. कारखान्यातला माणूस माप वाचून दाखवतो तसा सरळ आवाज. "'बरोबर आहे साहेब,' म्हणालीस. 'आम्हीसुद्धा तिला चारचौघांत फारसं पुढे करत नाही.' आणि हसलीस."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. इतक्या वर्षांत वहिनींनी मला ती गोष्ट कितीदा सांगितली, पण एवढा भाग कधी सांगितला नव्हता. श्यामराव उठून बटण बंद करायला गेले. वहिनींनी त्यांचा हात धरला.

"तेव्हा यांचं प्रमोशन साहेबांच्या हातात—"

"तेही माहीत आहे. मिळालं ना प्रमोशन?" सुचेता म्हणाली. "साहेबांचा मला राग आलाच नाही, आई. ते परके होते. परकी माणसं बघतातच. माझा राग कुणावर होता ते तू कधी विचारलंसच नाहीस. त्यांना शून्यावर आणलंस, छान केलंस. आता तुला कोण आणणार?"

मला वाटलं, वहिनी उसळतील. ज्या बाईने एका वांग्यापायी माणूस बाजारातून उठवला, ती हे ऐकून घेईल? मी वाट बघत होते. वहिनी खुर्चीवरून उठल्या आणि फोनच्या स्टुलाशी जमिनीवर बसल्या.

"तू आण," त्या म्हणाल्या. "बोल. जे असेल ते सगळं बोल."

आणि सुचेता बोलायला लागली. प्रश्न पुरता होण्याआधी उत्तर देणारी ती पोर, इतक्या वर्षांचं एकदम. मावशीच्या लग्नात फोटोच्या वेळी मला पाणी आणायला आत पाठवलंस. पाहुणे आले की अभ्यास कर म्हणून मागच्या खोलीत बसवलंस. शाळेत जाताना ओठाला पावडर थापायचीस आणि घाम आला की माझ्यावरच चिडायचीस. दया नव्हती तिच्या बोलण्यात, जराही नव्हती. एकेक गोष्ट ती आईपुढे उचलून धरत होती. आणि वहिनी प्रत्येक गोष्टीला फक्त "हो" म्हणत होत्या. नाकबूल एकही केली नाही.

मला तिथे थांबवेना. श्यामराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी पातेलं उपडं घातलं आणि चपला शोधू लागले. दाराशी पोचले तेव्हा सुचेता दम खायला थांबली होती, आणि वहिनी फोनला म्हणत होत्या, "थांबू नकोस. आणखी काय केलं मी?"